ज्यां-दानिएल कोलादों

ज्यां-दानिएल कोलादों (१५ डिसेंबर १८०२ – ३० जून १८९३) हे जिनिव्हा येथील स्विस भौतिकशास्त्रज्ञ व अभियंते होते. प्रकाश वक्र मार्गाने वाहून नेता येतो, हे त्यांनी पाण्याच्या धारेच्या साहाय्याने दाखवले. हेच तत्त्व आजच्या प्रकाशतंतूंचा पाया आहे.

== प्रारंभीचे संशोधन ==

कोलादों यांनी प्रथम कायद्याचे शिक्षण घेतले; परंतु त्यांचा ओढा विज्ञानाकडे होता. १८२६ साली त्यांनी गणितज्ञ शार्ल स्टुर्म यांच्यासह जिनिव्हा सरोवरात ध्वनीचा वेग मोजला. एका नावेवरून पाण्याखालील घंटा वाजवली जाई व त्याच क्षणी दारू पेटवून उजेड केला जाई. सुमारे १३ किलोमीटर अंतरावरील दुसऱ्या नावेवर उजेड दिसणे व घंटा ऐकू येणे यांतील काळ मोजला जाई. त्यावरून त्यांना सेकंदाला १४३५ मीटर हा वेग मिळाला. तो आजच्या मापनाच्या अगदी जवळ आहे. द्रवांच्या संशोधनासाठी १८२७ साली दोघांना पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले.

== प्रकाशाची धार ==

जिनिव्हा येथे अध्यापन करताना, छिद्रातून पडणारी पाण्याची धार विद्यार्थ्यांना स्पष्ट दिसावी, असा कोलादों यांचा प्रयत्न होता. १८४१ साली त्यांनी टाकीच्या एका बाजूने भिंगाद्वारे प्रकाश आत सोडला आणि तो समोरच्या छिद्रावर एकवटला. धारेत शिरलेला प्रकाश पाणी व हवा यांच्या सीमेवर पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुनःपुन्हा आत वळत राहिला व धारेबरोबर खाली वाकला. धार जिथे फुटली तिथे तो बाहेर पडला. याचे वर्णन त्यांनी १८४२ साली फ्रेंच अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

== श्रेयाचा प्रश्न ==

१८५४ साली जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये असाच प्रयोग केला. टिंडल यांच्या लोकप्रियतेमुळे या शोधाचे श्रेय दीर्घकाळ त्यांनाच दिले गेले. पुढे विज्ञानेतिहासकारांनी कोलादों यांचे अग्रक्रमत्व दाखवून दिले.

== उत्तरायुष्य व वारसा ==

पुढे कोलादों यांनी बोगदे खोदण्यासाठी दाबलेल्या हवेचा वापर करण्यावर काम केले. त्यांचे हवा दाबणारे संयंत्र गॉटहार्ड बोगद्याच्या खोदकामात वापरले गेले.

प्रकाशतंतूत पाण्याच्या जागी काचेचा गाभा असतो व हवेच्या जागी कमी अपवर्तनांकाचे आवरण. बहुगाभा तंतूत एकाच आवरणात अनेक गाभे असतात. तंतू वाकला की बाहेरच्या बाजूचे गाभे ताणले जातात व आतल्या बाजूचे आकसतात. या फरकावरून तंतूचा आकार कळतो. मात्र प्रत्येक गाभ्यात प्रकाश अचूक सोडणे कठीण असते, कारण गाभा बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाच असतो. भिंगाने छिद्रावर प्रकाश एकवटताना कोलादों यांनी हाच प्रश्न मोठ्या आकारात सोडवला होता.