फुलांकडे वळलेले डॉक्टर : एडवर्ड बाख



गेल्या काही दिवसांत ग्रुपवर पुष्पौषधींविषयी बरीच विचारणा झाली. हे थेंब कुणी शोधले, कशासाठी घेतात आणि डॉक्टरांच्या गोळ्यांऐवजी ते चालतील का, असे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. म्हणून आजच्या चरित्रात आपण हे थेंब तयार करणाऱ्या डॉ. एडवर्ड बाख यांची ओळख करून घेऊ. त्यांचं आयुष्य नीट पाहिलं की तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही सापडतं.

बाख यांचा जन्म २४ सप्टेंबर १८८६ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या मोझली इथे झाला. वडिलांचा पितळेच्या ओतकामाचा कारखाना होता. लहानपणापासून एडवर्डना रानात एकट्यानं हिंडायची आवड. शाळा संपल्यावर मात्र सोळाव्या वर्षी ते कारखान्यात कामाला लागले आणि तीन वर्षं तिथेच राहिले. आजारपण म्हणजे कामगाराच्या घरावर केवढं संकट, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. औषधाला पैसा लागतो आणि घरी बसलं की रोज बुडतो, म्हणून माणसं दुखणं अंगावर काढायची. डॉक्टर व्हायचं त्यांनी तिथेच मनाशी ठरवलं.

आधी बर्मिंगहॅम आणि मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात शिकून १९१२ मध्ये ते डॉक्टर झाले. वॉर्डात फिरताना एक गोष्ट त्यांच्या लक्षात येई. आजार तोच, औषध तेच, तरी एक रोगी बरा होतो आणि दुसरा होत नाही. मग ते रोग्याच्या खाटेशी बसून त्याचं बोलणं ऐकत. हा घाबरट आहे, हा उतावीळ, हा मनातल्या मनात कुढणारा, असं पाहत. पुढच्या सगळ्या कामाचं बीज या ऐकण्यात आहे.

१९१७ साल त्यांना फार जड गेलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. तब्येत नाजूक म्हणून त्यांना सैन्यात घेतलं नव्हतं, पण हॉस्पिटलात जखमी सैनिकांच्या ४०० हून अधिक खाटा त्यांच्याकडे होत्या. त्याच वर्षी पत्नी वारली. जुलैमध्ये ते स्वतः कोसळले. पोटात गाठ निघाली, तातडीनं शस्त्रक्रिया झाली आणि जेमतेम तीन महिने हाती आहेत असं त्यांना सांगण्यात आलं. वय अवघं तीस.

उभं राहता येऊ लागताच ते प्रयोगशाळेत परतले. उरलेल्या दिवसांत हातातलं काम पुरं करायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. तीन महिने गेले, वर्ष गेलं, आणि ते पूर्वीपेक्षा बरे दिसू लागले. कामाची ओढ माणसाला जगवते, असा त्यांचा विश्वास बसला. तो खराच. पण सर्जननं वेळेवर शस्त्र चालवलं होतं म्हणून ही ओढ पुढे कामी आली, हेही आपण ध्यानात ठेवू या.

१९१९ मध्ये ते लंडनच्या होमिओपॅथिक हॉस्पिटलात लागले. तिथे त्यांनी हानेमान वाचला. आतड्यातल्या जंतूंवर आधी चाललेल्या संशोधनाला होमिओपॅथीची जोड देऊन त्यांनी सात औषधं तयार केली. नाव झालं, हार्ले स्ट्रीटसारख्या बड्या डॉक्टरांच्या रस्त्यावर दवाखाना झाला, पैसाही आला. तरी मन समाधानी नव्हतं. जंतूंपासून केलेल्या औषधाऐवजी काहीतरी निर्मळ, गरिबालाही घरी करता येईल असं औषध त्यांना हवं होतं.

१९२८ मध्ये पहिली तीन फुलं मिळाली : इम्पेशन्स, मिम्युलस आणि क्लेमॅटिस. त्यातलं इम्पेशन्स आपल्या ओळखीचं निघतं बरं का! ते तेरड्याच्या कुळातलं, मूळ आपल्या हिमालयातलं. एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा म्हणून ते इंग्लंडात गेलं आणि तिथल्या नदीकाठांवर पसरलं. उतावीळ, चिडक्या स्वभावासाठी बाख यांनी ते निवडलं. मिम्युलस ठरलं ठाऊक असलेल्या भीतीसाठी, क्लेमॅटिस सदा स्वप्नात हरवलेल्यांसाठी.

१९३० मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी चालता दवाखाना बंद केला आणि लंडन सोडून वेल्सची वाट धरली. सोबत नोरा वीक्स या सहकारी होत्या. असं सांगतात, की औषध कुटायच्या सामानाची बॅग चुकून मागे राहिली आणि जोड्यांनी भरलेली बॅग सोबत आली. पुढे रानोमाळ हिंडायला ते जोडेच उपयोगी पडले!

कुटायची गरजच उरली नाही, कारण आता रीत बदलली होती. काचेच्या वाडग्यात झऱ्याचं पाणी घ्यायचं, त्यावर ताजी फुलं पसरायची, निरभ्र आकाशाखाली तीन तास उन्हात ठेवायचं. मग फुलं काढून त्या पाण्यात तेवढीच ब्रँडी मिसळायची, म्हणजे ते टिकतं. त्यातले दोन थेंब पाण्यातून घ्यायचे. झाडांच्या फांद्या-मोहोरासाठी पुढे अर्धा तास उकळण्याची रीत आली.

काही वर्षं ते क्रोमर या समुद्रकाठच्या गावी राहिले. तिथल्या कोळ्यांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना औषध देत, फी घेत नसत. १९३४ मध्ये सॉटवेल गावातल्या माउंट व्हर्नन या छोट्या घरात ते राहायला गेले आणि तिथलं सामानसुमान त्यांनी आपल्या हातानं बनवलं. १९३५ मध्ये काही महिन्यांतच आणखी १९ औषधं झाली. प्रत्येक वेळी आधी ती मनोवस्था त्यांना स्वतःला ग्रासायची, मग ते उतारा शोधत निघायचे. शरीर झिजत गेलं. अशी एकूण ३८ झाली. द्वेष-मत्सराला हॉली, अपराधी भावनेला पाइन, डोक्यात फिरणाऱ्या त्याच त्या विचारांना व्हाइट चेस्टनट, आशा सुटलेल्याला गॉर्स.

जाहिरात दिली म्हणून आणि पुढे डॉक्टर नसलेले सहायक ठेवले म्हणून मेडिकल कौन्सिलनं त्यांना जाब विचारला. ते मागे हटले नाहीत. औषध करायची कृती त्यांनी लपवली नाही, पुस्तकात छापून सगळ्यांना दिली. २७ नोव्हेंबर १९३६ रोजी झोपेतच त्यांचा देह शांत झाला. वय पन्नास. समाधी सॉटवेलच्याच चर्चच्या आवारात आहे.

आता तिसरा प्रश्न. बाख यांची तळमळ खरी होती, यात शंका नाही. पण तळमळ खरी म्हणून औषध लागू पडतं असं होत नाही. त्यांच्यामागे या थेंबांच्या चाचण्या झाल्या. काहींना हे थेंब दिले, काहींना तसेच दिसणारे बिनऔषधाचे. दोघांत भरवसा ठेवावा असा फरक आढळला नाही. मग कित्येकांना बरं वाटतं ते कसं? कुणीतरी अर्धा तास बसून आपलं मन ऐकतं, आपल्या भीतीला नाव देतं, त्यानंच निम्मा भार उतरतो.

म्हणून आपण एवढं पाळू या. थेंब घ्यायचे तर घ्यावेत, पण त्यात ब्रँडी असते हे माहीत असू द्यावं. मनाच्या आजाराच्या, झोपेच्या, फिट्सच्या किंवा रक्तदाबाच्या चालू गोळ्या त्यांच्या भरवशावर कधीही बंद करू नयेत. गोळी कमी करायची तर डॉक्टरांना विचारूनच. उदासी दोन आठवडे हटली नाही, झोप-भूक गेली, तर डॉक्टर गाठावा. जीव नकोसा झाला तर एक दिवसही थांबू नये. सरकारची टेली मानस ही फुकट सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालू असते. असा फोन करण्यात श्रद्धा कमी पडली असं मुळीच नाही.

बाख यांच्याकडून घ्यायचं ते त्यांचं खाटेशी बसणं. या आठवड्यात घरातल्या, शेजारच्या एका आजारी माणसाजवळ आपण बसू या. औषध घेतलंत का, हे विचारूच. त्यासोबत मनाला कसं वाटतंय, हेही विचारू. आणि उत्तर पुरतं होईपर्यंत मधे बोलायचं नाही, बघा जमतं का.

सर्वांचं कल्याण असो.