मायकेल फॅरडे

उरण तालुक्यात, समुद्राने वेढलेले घारापुरी बेट आहे. तेथील लेणी जगप्रसिद्ध. परंतु बेटावरील गावांत समुद्रापलीकडून वीज येण्यास फेब्रुवारी २०१८ उजाडावा लागला. समुद्रतळाशी टाकलेल्या साडेसात किलोमीटर लांबीच्या तारेतून ती उच्च दाबाने येते व गावातील रोहित्रात तिचा दाब घरी वापरता येईल इतका कमी होतो. रोहित्राचे हे तत्त्व मायकेल फॅरडे याने शोधून काढले.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. लिहिणे, वाचणे व थोडे अंकगणित एवढेच त्याचे शिक्षण. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागला. बांधावयास आलेली पुस्तके तो वाचून काढी. विश्वकोशातील विजेवरील लेखाने तर त्याला वेडच लावले. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाच्या कृपेने त्याला हंफ्री डेव्ही या विख्यात शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकावयास मिळाली. त्यांची टिपणे सुवाच्य अक्षरांत लिहून, स्वतः बांधून, त्याने डेव्हीकडे पाठविली. पुढील वर्षी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा मिळाली.

विजेमुळे चुंबकत्व निर्माण होते, हे १८२० मध्ये सिद्ध झाले होते. मग चुंबकत्वापासून वीज का मिळू नये? या प्रश्नाने फॅरडेला अनेक वर्षे पछाडले. प्रयोग फसत गेले, तरी त्याने चिकाटी सोडली नाही. अखेर २९ ऑगस्ट १८३१ रोजी, लोखंडी कड्यावर दोन बाजूंना गुंडाळलेल्या तारांच्या वेटोळ्यांपैकी एकाला त्याने विद्युतघट जोडला. त्याबरोबर दुसऱ्या वेटोळ्याच्या तारेजवळची चुंबकसूची हलली आणि लगेच स्थिरावली. घट तोडताच ती पुन्हा हलली. सलग प्रवाह मिळाला नाही म्हणून दुसरा कोणी निराश झाला असता. फॅरडेने त्या क्षणिक हालचालीतील मर्म ओळखले. पहिल्या वेटोळ्यातील प्रवाह बदलतो, तेव्हाच दुसऱ्यात वीज उत्पन्न होते!

पुढे त्याची कीर्ती जगभर पसरली. तरी त्याने सरदारकी नम्रपणे नाकारली आणि नाताळात मुलांसाठी १९ वर्षे व्याख्याने दिली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्याचे निधन झाले.

आज मोबाइलमधील विद्युतघटाचा दाब सुमारे ३.७ व्होल्ट असतो. चिपच्या कित्येक भागांना मात्र सुमारे १ व्होल्टच लागतो. जास्तीचा दाब नुसता अडविला, तर बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाईल व घट लवकर संपेल. म्हणून नखाएवढ्या चिपमधील सूक्ष्म स्विच सेकंदाला लक्षावधी वेळा उघडतात व मिटतात. वेटोळ्यात किंवा धारित्रात थोडी थोडी ऊर्जा साठवून ती हव्या त्या दाबाने पुढे दिली जाते. धारित्राची क्षमता मोजण्याच्या एककाला फॅरडेच्याच नावावरून फॅरड म्हणतात. लोहाराच्या पोराने जपलेली ती क्षणाची हालचाल आज घारापुरीच्या दिव्यात आणि प्रत्येकाच्या खिशात काम करीत आहे.