नोंद ठेवणारे बाबासाहेब

बाबासाहेबांचा संघर्ष आपण दरवर्षी आठवतो. त्या संघर्षामागची नोंद ठेवण्याची शिस्त मात्र आपण फारशी उचललेली नाही, असे आम्हाला वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना जातीचे चटके लहानपणीच बसले. १९०१ साली मसूर स्टेशनावरून वडिलांकडे बैलगाडीने निघालेल्या या भावंडांना वाटेत कुणी पाणी दिले नाही. पुढे बाबासाहेबांनी हा प्रसंग साल आणि ठिकाणासह लिहून ठेवला. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी डॉक्टरने विटाळ मानल्यामुळे दगावली. तिच्या पतीचे पत्र 'यंग इंडिया'च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात आले होते, हेही त्यांनी नोंदवले.

त्याच वर्षी मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून ते अस्पृश्यांच्या तक्रारी तपासत प्रांतभर फिरले. खानदेशातल्या एका गावच्या बहिष्काराची चौकशी करायला ते चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. मग वस्तीतल्याच एका माणसाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. टांगा उलटून बाबासाहेबांचा पाय मोडला. अन्यायाची नोंद घ्यायला गेलेल्यालाच अन्याय भोगावा लागला. त्यांनी तोही लिहून ठेवला.

महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाले. डिसेंबरात सनातन्यांनी कोर्टात दावा लावला. तळे नगरपालिकेचे, म्हणजे सार्वजनिक, हा मुद्दा बाबासाहेबांच्या बाजूने होता. अनादी वहिवाट सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र वादींवर होती. ती त्यांना सिद्ध करता आली नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. पाणी एका दिवसात प्यायले गेले, पण तो हक्क कागदावर यायला दहा वर्षे लागली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आज अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या हाती आहे. तोंडी फिर्याद लिहून घेणे, सही घेण्यापूर्वी ती वाचून दाखवणे आणि तिची प्रत लगेच देणे हे त्या कायद्याच्या कलम ४ नुसार अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्यात जाणूनबुजून कसूर करणारा सरकारी नोकर अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर तो शिक्षेस पात्र ठरतो.

तरीही आपल्यातले अनेक कार्यकर्ते मोर्चा काढतात आणि एफआयआरची प्रत घ्यायला विसरतात. खटला उभा राहतो तेव्हा तारीख आठवत नाही, साक्षीदाराचे नाव कुठे लिहिलेले नसते. म्हणून प्रत्येक विहारात एक नोंदवही ठेवूया. त्यात घटना, तारीख, वेळ, साक्षीदार आणि दिलेल्या अर्जाचा पोच क्रमांक लिहूया. जयंतीच्या मिरवणुकीइतकेच हेही बाबासाहेबांचे काम आहे.

जय भीम!