विद्यार्थ्यांत राहणारा कुलगुरू : जॉन हेन्री न्यूमन

लंडन येथे १८०१ साली जन्मलेले न्यूमन ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात अध्यापक झाले. अध्यापकाने विद्यार्थ्याच्या चारित्र्याचीही जबाबदारी घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. कॉलेजप्रमुखांना तो मान्य नव्हता. न्यूमन यांच्याकडे नवे विद्यार्थी पाठविणे बंद झाले. आग्रह मात्र सुटला नाही. १८४५ मध्ये ते कॅथलिक झाले. १८५४ मध्ये डब्लिनला कॅथलिक विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा कुलगुरुपदी असूनही हार्कोर्ट स्ट्रीटवरील लहानशा वसतिगृहात ते मूठभर विद्यार्थ्यांसमवेत राहिले. एकत्र राहणारी मुले परस्परांनाही घडवितात, हा त्यांचा विश्वास होता. शासनमान्य पदव्या देण्याचा अधिकार नसल्याने विद्यापीठ फारसे वाढले नाही. १८५८ मध्ये त्यांनी पद सोडले. १८७९ मध्ये कार्डिनल झालेल्या न्यूमन यांचे १८९० मध्ये निधन झाले. विद्यार्थ्यांच्या सहवासात राहणे, हे त्यांनी शिक्षकाचे पहिले कर्तव्य मानले.