शिकवणी नव्हे, सहवास: ॲन सुलिव्हन

३ मार्च १८८७ रोजी ॲन सुलिव्हन अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावी केलर कुटुंबाच्या घरी पोहोचल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे २० होते. त्यांना शिकवायचे होते पावणेसात वर्षांच्या हेलनला. १९ महिन्यांची असताना एका आजारात हेलनची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली होती.

ॲन यांचे बालपणही खडतर होते. पाचव्या वर्षाच्या सुमारास खुपऱ्यांमुळे त्यांची नजर अधू झाली. क्षयाने आई गेली. धाकट्या भावासह त्यांची रवानगी निराधारांच्या सरकारी आश्रमात झाली आणि काही महिन्यांतच तिथे भाऊ दगावला. १८८० मध्ये त्यांना बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत प्रवेश मिळाला. शस्त्रक्रियांनी थोडे दिसू लागले आणि तळहातावर बोटांनी अक्षरे उमटवण्याची लिपीही त्या तिथेच शिकल्या.

केलरांच्या घरात खरी अडचण अपंगत्वापेक्षा दयेची होती. हेलन कुणाच्याही ताटातले हाताने उचलून खाई, हट्ट करी आणि घरचे तो पुरवत. ॲन यांनी आईवडिलांची समजूत घातली आणि आवारातल्या छोट्या घरात त्या हेलनला घेऊन काही दिवस वेगळ्या राहिल्या. हेलनला हळूहळू शिस्त लागली, विश्वासही बसला. ५ एप्रिलला पंपाचे पाणी तिच्या एका हातावर पडत असताना ॲन यांनी दुसऱ्या हातावर ‘पाणी’ हा शब्द लिहिला. प्रत्येक वस्तूला नाव असते, हे हेलनला तेव्हा उमगले.

पुढचा निर्णयही तितकाच मोलाचा होता. हेलनच्या नात्यातले सव्वा वर्षाचे मूल ॲन यांनी निरखून पाहिले. त्याला कुणी धडे देत नव्हते, तरी घरच्यांचे बोलणे ऐकून ते समजू लागले होते. ॲन यांनी ठरावीक वेळेचे पाठ बंद केले. खाताना, फिरताना, खेळताना त्या हेलनच्या हातावर पूर्ण वाक्ये लिहीत राहिल्या.

विशेष गरजा असलेल्या बालकांच्या घरी जाऊन काम करणारे प्रशिक्षक आज याच वाटेने जातात. जेवण, आंघोळ, खेळ हेच त्यांचे धडे. पालकांना सोबत घेणे हे त्यांचे निम्मे काम.

१९०४ मध्ये हेलन पदवीधर झाल्या. वर्गातली व्याख्याने त्यांच्या हातावर उतरवून देत होत्या ॲनच. अखेरच्या काळात ॲन यांची दृष्टी पुन्हा गेली. २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा हेलन त्यांच्याजवळच होत्या.