मुंबईला शेअरचं वेड लावणारे प्रेमचंद रायचंद स्वतः बुडाले, पण राजाबाई टॉवर उभा राहिला

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडलं की समोर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतो. उंची सुमारे २८० फूट. ज्या माणसाच्या पैशातून हा टॉवर उभा राहिला, त्या माणसाचं दिवाळं टॉवरच्या पायाचा दगड बसण्याआधीच निघालं होतं.

मग टॉवर बांधला कुणाच्या पैशानं? तर त्याच माणसाच्या.

हे कोडं सोडवायचं असेल तर आपल्याला १८६० च्या दशकातल्या मुंबईत जावं लागेल. तेव्हा दलाल स्ट्रीट नव्हता, सेबी नव्हती, डिमॅट खातं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि या सगळ्या बाजाराचा राजा होता एक तिशीतला सुरतकर जैन तरुण. नाव, प्रेमचंद रायचंद.

इंग्रजी येणारा दलाल

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ च्या सुमारास सुरतचा. वडील रायचंद दीपचंद व्यापारासाठी मुंबईत आले आणि मुलाचं शिक्षण इथंच झालं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ते इंग्रजी शिकले.

आज यात काय विशेष, असं वाटेल. पण तेव्हाच्या मुंबईत बँका इंग्रजांच्या, कंपन्यांची कागदपत्रं इंग्रजीत आणि कापसाचे मोठे गिऱ्हाईकही इंग्रज. देशी दलालाला मधे दुभाषा लागायचा. इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारे पहिले देशी शेअर दलाल म्हणून प्रेमचंद यांचं नाव घेतलं जातं. इंग्रज मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन ते थेट बोलू शकत होते. पुढच्या सगळ्या प्रवासाची ही पहिली पायरी होती.

विशीतच ते एका दलालाच्या हाताखाली कामाला लागले. तेव्हा शेअर दलालांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. टाऊन हॉलसमोर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलजवळ, वडाच्या झाडाखाली उभं राहून सौदे चालायचे. प्रेमचंद यांची स्मरणशक्ती दांडगी होती. सगळे सौदे डोक्यात ठेवायचे आणि हातात लेखणी धरायचे नाहीत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. दिलेला शब्द पाळणारा दलाल म्हणून त्यांची पत झाली.

या धंद्यात पत हेच खरं भांडवल असतं. प्रेमचंद यांना ते फार लवकर कळलं.

युद्ध अमेरिकेत, सोनं मुंबईत

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कापसावर चालायच्या. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि हा कापूस यायचा थांबला. गिरण्या बंद पडायला लागल्या. आता कापूस आणायचा कुठून?

उत्तर होतं हिंदुस्थान. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, काठेवाड इथला कापूस मुंबई बंदरातून निघू लागला. भाव कित्येक पटींनी वाढले. लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यातला कापूस विकला, असं त्या काळाबद्दल सांगतात. युद्धाच्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या भावापेक्षा सुमारे साडेसात कोटी पौंड जास्त मिळाले, असा अंदाज नोंदवलेला आहे.

एवढा पैसा एका शहरात येऊन पडला, पण तो गुंतवायचा कुठं? गिरण्या मोजक्याच होत्या. मग लोकांनी नवा मार्ग काढला, तो म्हणजे कंपन्या काढायच्या आणि शेअर विकायचे.

१८६५ च्या सुरुवातीला मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्स कंपन्या आणि समुद्र बुजवून जमीन तयार करणाऱ्या ८ कंपन्या होत्या. जहाज आणि विमा कंपन्या वेगळ्याच. यातल्या बऱ्याच कंपन्यांकडे नावाची पाटी आणि छापलेले शेअर सोडले तर दाखवण्यासारखं काही नव्हतं.

या सगळ्याच्या मधोमध होते प्रेमचंद. नवी कंपनी काढणारा आधी त्यांच्याकडे जायचा. कुणाला किती शेअर द्यायचे, हे त्यांच्या चिठ्ठीवर ठरायचं. त्यांचं नाव लागलं की शेअर बाजारात येण्याआधीच भाव चढायचा. मूळ किमतीत मिळालेला शेअर दुसऱ्या दिवशी चढ्या भावात विकला की बसल्या जागी नफा. त्यामुळे त्यांच्या बंगल्यावर माणसांची रीघ लागायची.

समुद्राचा शेअर

या वेडाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे बॅक बे रेक्लमेशन कंपनी. कुलाब्यापासून मलबार हिलच्या पायथ्यापर्यंतचा समुद्र बुजवून जमीन काढायची आणि विकायची, अशी ही योजना. प्रेमचंद तिच्या प्रमुख सूत्रधारांपैकी एक होते.

या कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव पुढं ५०,००० रुपयांच्या घरात गेला. जी जमीन अजून पाण्याखाली होती, तिच्यासाठी लोक दहापट मोजत होते.

आणि हे लोक म्हणजे फक्त शेठ-सावकार नव्हते. कचेरीतले कारकून, छोटे दुकानदार, सरकारी अधिकारी, वकील, सगळेच यात उतरले. पैसे नसले तरी अडत नव्हतं, कारण वायद्याचा सौदा करता यायचा. म्हणजे शेअर आज घ्यायचा आणि पैसे पुढच्या ठरलेल्या तारखेला द्यायचे. त्याआधी भाव वाढला की शेअर विकून मोकळं व्हायचं. असे असंख्य सौदे एकाच तारखेला येऊन थांबणार होते. १ जुलै १८६५.

बँकेची तिजोरी

इथपर्यंत ही फार तर हावरटपणाची गोष्ट वाटेल. पण भाव सतत चढता ठेवायचा तर सतत नवा पैसा लागतो. तो आला बँक ऑफ बॉम्बेमधून.

ही साधी बँक नव्हती. १८४० मध्ये सुरू झालेल्या या बँकेत सरकारचे शेअर होते आणि सरकारनं नेमलेले संचालकही होते. लोक तिला सरकारी बँकच समजायचे. शेअर तारण ठेवून कर्ज द्यायचं नाही, असा नियम आधी होता. १८६३ च्या नव्या कायद्यानं ही अट सैल केली.

आता खेळ कसा चालायचा ते बघा. समजा तुमच्याकडे एका कंपनीचे शेअर आहेत. ते बँकेत तारण ठेवायचे, कर्ज घ्यायचं आणि त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे. मागणी वाढली की भाव वाढतो. भाव वाढला की तुमच्या तारणाची किंमत वाढते. मग त्यावर आणखी कर्ज. जोपर्यंत भाव चढतोय तोपर्यंत सगळेच श्रीमंत. पण भाव उतरला तर तारण म्हणून ठेवलेला कागद आणि रद्दी यात फरक राहत नाही.

प्रेमचंद यांचं बँकेच्या कारभाऱ्यांवर मोठं वजन होतं. त्यांनी शिफारस केलेल्या माणसाला कर्ज मिळायचं, त्यांच्या स्वतःच्या कर्जांची तर गोष्टच वेगळी. ज्या पतीवर त्यांनी धंदा उभारला, तीच पत आता दुसऱ्यांच्या ठेवींवर वापरली जात होती.

१ जुलै १८६५

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. बातमी मुंबईत पोचली आणि कापसाचे भाव कोसळायला लागले. मे महिन्यात एका मोठ्या व्यापारी पेढीचं दिवाळं निघालं. मग प्रत्येकजण दुसऱ्याकडे पैसे मागू लागला आणि कुणाकडेच रोख नव्हती.

१ जुलै उजाडला. वायद्याचे पैसे द्यायची तारीख आली आणि देणारे सापडेनात. अ ला ब कडून येणं होतं, ब ला क कडून आणि क आधीच बुडाला होता. पन्नास हजारांचे कागद घ्यायला कुणी तयार होईना. लोकांनी एकमेकांवर इतके दावे ठोकले की दिवाळखोरीची प्रकरणं निकालात काढायला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला.

बँक ऑफ बॉम्बेनं प्रेमचंद यांना सावरायचा प्रयत्न केला, पण १८६६ मध्ये तेही कोसळले. आपली मालमत्ता, ज्यांचं देणं होतं त्यांच्या हवाली करायची वेळ त्यांच्यावर आली. पुढं बँकही बुडाली. २ कोटी ९ लाखांच्या भांडवलातला बहुतेक पैसा गेला होता. सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्यात बँकेच्या ढिसाळ कारभारासोबत प्रेमचंद यांच्या प्रभावाचीही चर्चा झाली. १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक सुरू करावी लागली. हीच बँक १९२१ मध्ये इम्पिरियल बँकेत गेली आणि १९५५ मध्ये इम्पिरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली.

टाटांनाही या पडझडीचा मोठा फटका बसला. तरुण जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते आणि त्यांच्याकडच्या कागदांची किंमत एकाएकी शून्यावर आली.

पण ज्यांची नावं कुठंच नोंदली गेली नाहीत, त्यांचं काय? १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजार होती. १८७२ मध्ये ती ६ लाख ४४ हजारांवर आली. यामागं एकच कारण नव्हतं, पण तेजीच्या काळात कोकणातून आणि घाटावरून कामासाठी आलेल्या हजारो माणसांना काम संपल्यावर या शहरात थांबायला काही उरलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

जे दिलं ते उरलं

आता राजाबाई टॉवरच्या कोड्याकडे येऊ.

१८६४ मध्ये, तेजी ऐन भरात असताना, प्रेमचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले. काही आठवड्यांनी घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख दिले. मनोऱ्याला आपल्या आईचं, म्हणजे राजाबाईंचं नाव द्यावं, एवढी इच्छा होती. आईला दिसत नव्हतं आणि जैन असल्यानं सूर्यास्ताआधी जेवायचं असायचं, म्हणून वेळ कळावी यासाठी टोले देणारं घड्याळ, अशी कथा सांगितली जाते.

हा पैसा बाजार पडायच्या आधीच विद्यापीठाकडे गेला होता. त्यामुळे तो वाचला आणि त्यावर व्याजही जमत राहिलं. १ मार्च १८६९ ला पायाभरणी झाली, म्हणजे दाता बुडाल्यावर तीन वर्षांनी. आराखडा इंग्लंडचे वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. नोव्हेंबर १८७८ मध्ये टॉवर पूर्ण झाला.

कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी २ लाख रुपये दिले होते. त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती आशुतोष मुखर्जी, इतिहासकार जदुनाथ सरकार आणि रमेशचंद्र मजुमदार यांना मिळाली. अहमदाबादमध्ये शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजलाही त्यांनी मदत केली.

बॅक बे कंपनी बुडाली, पण तिनं हात घातलेली किनाऱ्याची पट्टी पुढं रेल्वेच्या कामी आली. गिरगावातल्या चर्नी रोडहून चर्चगेटला जाणारी लोकल जिथून धावते, तिथं पूर्वी समुद्राचं पाणी यायचं.

पुन्हा वडाखाली

दिवाळं निघालं तेव्हा प्रेमचंद पस्तिशीचे होते. ते मुंबई सोडून गेले नाहीत. पुन्हा दलालीच करायला लागले, आणि यावेळी जपून.

दलालांची संख्या तोवर वाढली होती, पण त्यांना नियम नव्हते. सौदा मोडला तर दाद कुठं मागायची हे ठरलेलं नव्हतं. ९ जुलै १८७५ ला दलालांनी एकत्र येऊन नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन स्थापन केली. ३१८ सभासद, प्रवेश फी एक रुपया. तिच्या संस्थापकांमध्ये प्रेमचंद होते. हीच संस्था म्हणजे आजचा मुंबई शेअर बाजार, आपला बीएसई.

ज्या माणसाच्या चिठ्ठीवर सगळा बाजार हलत होता, तोच नियमानं चालणाऱ्या बाजाराच्या पायाभरणीत होता. याला प्रायश्चित्त म्हणायचं की धंद्यातला शहाणपणा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

१९०६ मध्ये प्रेमचंद यांचं निधन झालं. भायखळ्याच्या लव्ह लेनमधला त्यांचा प्रेमोद्यान हा बंगला पुढं कॉन्व्हेंटकडे गेला.

त्यांना दानशूर म्हणावं की सट्टेबाज, हा वाद आजही होतो. दोन्ही खरं आहे. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून बुडालेले लोक होते आणि त्यांच्या पैशातून शिकून मोठे झालेलेही होते. पण हिशोब मांडला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. कागदावर जमवलेले कोट्यवधी रुपये दोन वर्षांत गेले. उरले ते फक्त दुसऱ्यांसाठी बाजूला काढून दिलेले काही लाख. त्यातल्याच चार लाखांवर राजाबाई टॉवरचं घड्याळ आजही मुंबईला वेळ सांगतंय.