गावानं हाकललेल्यांना घर देणारी सावित्रीमाई

वडवणी (प्रतिनिधी) : १० मार्च हा क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन. मुलींची शाळा, अंगावर झेललेलं शेण, हे आपण पुस्तकात वाचलंय. पण फसलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाला बोल न लावता जवळ करायचं त्यांचं काम आपल्याकडं फार कमी सांगितलं जातं.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातील नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. नवव्या वर्षी जोतीराव फुल्यांशी लग्न झालं. जोतीरावांनी शिकवलं आणि १८४८ पासून पुण्यात मुलींच्या शाळेत त्या स्वतः शिकवू लागल्या.

त्या काळी पोरीबाळींची लग्नं लहानपणीच व्हायची. नवरा वारला की ब्राह्मण घरातल्या पोरीचं पुन्हा लग्न नाही. विधवेच्या लग्नाला परवानगी देणारा कायदा १८५६ ला झाला होता, पण तो कागदावरच. अशीच एक तरुण विधवा, काशीबाई, जोतीरावांच्या मित्राकडं स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यानं तिला फसवलं, दिवस गेले. लोकलाजेपायी तिनं जन्मलेलं बाळ मारलं. १८६३ मध्ये कोर्टानं तिला जन्मठेप देऊन अंदमानला धाडलं. शिक्षा भोगली एकट्या बाईनं.

बाळाला मारणं बरोबर होतं, असं फुले दांपत्य म्हणालं नाही. पण बाईवर ही वेळ का आली, हे त्यांनी पाहिलं. त्याच साली स्वतःच्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पुण्यात भिंतींवर कागद डकवले. अडचणीतल्या विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, लेकरू न्यायचं का ठेवायचं ते आपल्या मर्जीनं ठरवावं, असा त्याचा मतलब. खर्च घरचा. बाळंतपण आणि लेकरांचं सगळं सावित्रीबाई बघायच्या. १८८४ पर्यंत ३५ बायका तिथं येऊन गेल्या.

१८६८ ची गोष्ट. सावित्रीबाई माहेरी नायगावला होत्या. पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण आणि महार समाजातली शारजा यांचं जमलं होतं. शारजाला सहावा महिना होता. गावानं दोघांची धिंड काढली, मारूनच टाकायचं ठरवलं. सावित्रीबाई धावत गेल्या. खून केला तर इंग्रज सरकार सोडणार नाही, असा धाक घालून त्यांनी जमाव थांबवला. दोघांनी गाव सोडायचं ठरलं. सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडं पाठवलं. समोर अख्खा गाव, तरी त्या मागं हटल्या नाहीत.

त्यांना पोटचं लेकरू नव्हतं. या गृहात एका विधवेला झालेलं बाळ त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत. १८८९ मध्ये त्याचं लग्न लावलं. पुढं तो डॉक्टर झाला. १८९० ला जोतीराव गेले तेव्हा दत्तक पोराच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात धरून अंत्ययात्रेपुढं चालायला सुरुवात केली.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. माणसं आजाऱ्याला हात लावेनात. यशवंतनं गावाबाहेर दवाखाना टाकला आणि ६६ वर्षांच्या सावित्रीबाई रोगी आणू लागल्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

आता हंगाम संपत आलाय, कोयते गावाकडं परततायत. आपल्या तालुक्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको आहे, नवऱ्यानं टाकलेली बाई आहे, दारूपायी घर गमावलेला गडी आहे. पारावर त्यांच्या चुका मोजणारे ढीगभर. जेवलास का, दवाखान्यात येऊ का संगट, असं विचारणारे थोडे. निदान आज एकाच्या तरी दारात जाऊन तेवढं विचारावं. अडचणीतल्या बाईसाठी १८१ आणि मन खचलेल्या कुणासाठीही १४४१६ हे सरकारी नंबर मोबाईलमध्ये ठेवावेत. फोन लागेपर्यंत मात्र त्या माणसाजवळ बसून राहावं.